मदत हवी आहे : भाऊ कळंबा कारागृहात असताना मुलीच्या पोटगीचा आदेश बदलून मागता येईल का?

नमस्कार. माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षापासून कळंबा मध्यवर्ती कारागृहात न्यायालयीन कोठडीत आहे. खटला न्यायप्रविष्ट असल्याने गुन्ह्याविषयी येथे काही लिहीत नाही. सत्र न्यायालयाने जामीन नाकारला असून तो अर्ज आता उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपुढे आहे, एवढे सांगणे पुरेसे आहे.

अटकेच्या आधी, 2023 साली, कौटुंबिक न्यायालयाने जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली त्याच्या मुलीसाठी दरमहा 9,000 रुपये पोटगी ठरवून दिली. तेव्हा तो शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर होता, त्याची पगारपत्रके न्यायालयासमोर होती आणि रकमेबद्दल आमची तेव्हाही तक्रार नव्हती. अटकेबरोबर नोकरी गेली. सुरुवातीला वडिलांनी उसाच्या बिलातून हप्ते भरले, पण सोसायटीचे पीककर्ज वळते होऊन हातात येणाऱ्या रकमेत ते फार काळ निभले नाही. आता भावजयीने थकबाकी वसुलीचा अर्ज केला आहे. नोटिशीची जी प्रत माझ्याकडे आली तिच्यावर कारागृहाचा शिक्का आणि खाली भावाची सही आहे. मुलाखतीत तो एवढेच म्हणाला, "ताई, आत बसून मी हे कुठनं भरू?"

माझ्या पुतणीचा हक्क बुडवावा असा आमच्यापैकी कोणाचाही हेतू नाही, आणि भावजयीने अर्ज केला यात तिचे काही चुकले असेही मी मानत नाही. मात्र ज्याला उत्पन्नच नाही त्याच्या नावावर दरमहा 9,000 रुपये चढत राहणार असतील, तर तो उद्या जामिनावर सुटला तरी याच थकबाकीपायी पुन्हा आत जाईल अशी भीती वाटते. एका परिचितांनी "माणूस आत गेला की पोटगी आपोआप थांबते" असे ठामपणे सांगितले, परंतु नोटीस आल्यावर त्यावर विश्वास कसा ठेवावा? आदेशाविरुद्ध वर दाद मागावी की त्याच न्यायालयात रक्कम कमी करण्याचा अर्ज द्यावा, कोठडीतल्या माणसाने तो कसा द्यावा, आणि करवीर तालुक्यातली आमची वडिलोपार्जित एक एकर जमीन, जिच्या सातबाऱ्यावर अजून वडिलांचेच नाव आहे, या वसुलीत सापडू शकते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद :

ताई, तुमच्या परिचितांचे म्हणणे चुकीचे आहे. न्यायालय आदेश बदलत नाही तोपर्यंत तो जसाच्या तसा लागू राहतो, मग देणारा घरी असो वा कारागृहात.

आदेश दिला त्या वेळी तो योग्यच होता, हे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. त्यामुळे वर पुनरीक्षणात जाण्यात अर्थ नाही. परिस्थिती बदलली म्हणून रक्कम बदला, असे सांगण्याची जागा तेच कौटुंबिक न्यायालय आहे. पूर्वी हा अर्ज कलम 127 खाली होत असे. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्याने आता तो तिच्या कलम 146 खाली करावा. अर्ज लवकर करा, कारण न्यायालये रक्कम कमी करतात ती सहसा अर्जाच्या तारखेपासून पुढची, आणि आधी चढलेली थकबाकी त्याने पुसली जात नाही. तुमच्या बाबतीत दर महिन्याचा उशीर म्हणजे 9,000 रुपये आहेत.

वसुलीच्या अर्जात मात्र दोन गोष्टी तपासा. एखादी रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज आला नसेल, तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. आणि वडिलांनी भरलेले हप्ते हिशेबात वजा झालेले आहेत का, ते बँकेच्या पासबुकावरून दाखवा. थकबाकीपोटी दरमहाच्या चुकीला एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, पण ती भोगल्याने देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग या 1988 च्या निकालात स्पष्ट केले आहे.

कोठडीतील व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा 15100 या क्रमांकावर फोन करा. वकीलपत्रावर भावाची सही कारागृह अधिकाऱ्यांमार्फत साक्षांकित करून घ्यावी लागेल. अर्जासोबत अटकेची व जामीन नाकारल्याची कागदपत्रे आणि नोकरी संपल्याचे कंपनीचे पत्र जोडा. हे पत्र आजच मागून ठेवा, कारण कंपन्या ते द्यायला फार चालढकल करतात.

जमिनीबाबत सावध राहा. वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता मुलाने द्यायच्या पोटगीसाठी जप्त होत नाही, परंतु वडिलोपार्जित जमिनीत भावाचा हिस्सा निघत असेल तर समोरचे वकील तो मुद्दा काढणारच. तो हिस्सा दडवून "उत्पन्न शून्य" असे प्रतिज्ञापत्र करू नका. शून्य रक्कम मागण्याऐवजी, त्याच्या हिश्श्याच्या ऊस बिलातून झेपेल असा आकडा तुम्हीच सुचवलात, तर न्यायाधीश अर्जाकडे अधिक गांभीर्याने पाहतील असे माझे मत आहे.

धागाकर्ती :

मनःपूर्वक आभार. एकच राहिले. भावजय एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. तिच्या पगाराचा मुद्दा अर्जात काढावा का? वडिलांना तो काढायचा आहे, मला संकोच वाटतो.

प्रतिसाद :

आरोपाच्या सुरात काढू नका. रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालानुसार दोन्ही बाजूंना मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, त्यात तिचा पगार तिच्याच हाताने येईल. मुलीच्या खर्चाचा वाटा दोघांच्या ऐपतीप्रमाणे ठरावा, एवढे एक वाक्य अर्जात असले की पुरे.