माशांबरोबर ठेवलेला आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉग वाळत चाललाय, काय करू?

प्रश्न

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ६० लिटरचा टँक आहे, त्यात ८ निऑन टेट्रा, ४ गप्पी आणि दीड महिन्यापूर्वी आणलेले २ आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉग. त्यातला एक गुटगुटीत आहे पण दुसरा दिवसेंदिवस बारीक होत चाललाय, आता तर कंबरेची हाडं वर आलेली दिसतात. दिवसातून दोनदा फ्लेक्स आणि बारीक पेलेट टाकते. घेताना सांगितलं होतं की मासे खातात तेच हे पण खातात, तळाशी पडलेलं वेचतील, वेगळं काही करायला लागत नाही.

अजून दोन गोष्टी. कधीकधी तो चारी पाय पसरून पाण्यावर नुसता तरंगत राहतो, पहिल्यांदा बघितलं तेव्हा गेलाच असं वाटून पोटात गोळा आला, जाळी जवळ नेली तर सुर्रकन खाली. आणि परवा अंगावरून पांढरट पातळ पडदा लोंबत होता. फंगस आहे का? माशांचं फंगसचं औषध घरात आहे, ते घालू का? प्लीज लवकर सांगा, जीव तुटतोय त्याच्याकडे बघून.

प्रतिसाद १

आधी औषधाची बाटली परत कपाटात ठेवा. तो पडदा म्हणजे कात आहे, हे बेडूक अधूनमधून कात टाकतात आणि बहुतेक वेळा स्वतःच खाऊन टाकतात. फंगस असेल तर कापसासारखा पुंजका एका जागी चिकटून राहतो. बेडकाची कातडी पाण्यातलं सगळं शोषून घेते, त्यामुळे तांबं असलेली माशांची औषधं त्याला घातक ठरतात, न विचारता काही घालू नका.

तरंगणंही नॉर्मल आहे. याला कल्ले नसतात, फुप्फुसं असतात, श्वास घ्यायला वर यावंच लागतं आणि आल्यावर कधीकधी तिथेच आराम करतो. अंग फुग्यासारखं फुगलं, किंवा खाली जायचं म्हटलं तरी जाता येत नाहीये, असं झालं तर मात्र काळजी करा.

तुमचा बेडूक मला तरी आजारी वाटत नाही, उपाशी वाटतोय. त्याला जवळचं सुद्धा धड दिसत नाही, वासावर आणि पाण्याच्या हालचालीवर खाणं शोधतो, त्यात जीभ नसते, तोंड उघडून पाण्याबरोबर घास ओढून घेतो. हे सगळं होईपर्यंत ८ टेट्रांनी टँक साफ केलेला असतो. फ्लेक्स तर वरच तरंगतात, त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत.

फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या बारीक लाल अळ्या) आणा, टँकमधल्याच पाण्यात वितळवून घ्या, आणि लांब ड्रॉपरने किंवा बोथट चिमट्याने अगदी त्याच्या नाकासमोर धरा. मग थांबा. खरंच थांबा, पहिल्या दिवशी माझ्या बेडकाला कळायलाच बरीच मिनिटं लागली होती आणि मी दोनदा हात मागे घेतला होता. माशांना आधी दुसऱ्या टोकाला खायला टाकलं की ते तिकडे गुंततात. रोज त्याच जागी, त्याच वेळी दिलं की बेडूक आपणहून तिथे येऊन बसायला लागतो. नुसत्या ब्लडवर्मवर ठेवू नका, मधूनमधून ब्राइन श्रिंप, डॅफ्निया हे पाण्यातले बारीक जीव पण द्या.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण आधी पुढच्या पायांची बोटं बघा बरं. बोटांमध्ये पडदे असतील तर ड्वार्फच. पुढची बोटं सुटी असतील आणि डोळे डोक्यावर असतील तर तो आफ्रिकन क्लॉड फ्रॉग, लहानपणी दोघं सारखेच दिसतात पण तो वाढून १० सेंमीच्या वर जाऊ शकतो आणि तुमचे टेट्रा फस्त करेल.

आणि तापमान किती आहे? झाकण आहे का? पाण्यातला अमोनिया (घाण आणि कुजलेल्या खाण्यातून होणारं विष) कधी तपासलाय?

प्रश्नकर्ती

पडदे आहेत, दोघांनाही. तापमान २२ निघालं. झाकण आहे पण फिल्टरच्या पाइपजवळ दोन बोटं फट आहे. अमोनिया आत्ता तपासला, ०.५ दाखवतोय 😟

प्रतिसाद २

२२ त्याच्यासाठी गार आहे, गारठ्यात भूकही मंदावते आणि पचनही. हीटरने हळूहळू २५ वर आणा, एकदम नको. अमोनिया शून्यच पाहिजे, आज पाव टँक पाणी बदला, क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं, परत उद्या तपासा. उरलेलं खाणं तळाशी कुजत असणार. ती फट आजच स्पंजने बुजवा, एवढ्याशा फटीतून बाहेर पडून सुकून गेलेले बेडूक बऱ्याच जणांनी बघितलेत, मीही त्यातलाच.

बारीक झालेल्याला काही दिवस वेगळ्या डब्यात ठेवता आलं तर उत्तम, पाणी १५ सेंमीच ठेवा म्हणजे अशक्तपणात वर यायला दमणार नाही. हीटर आणि झाकण तिथेही लागेल, लहान डब्यातलं पाणी रोज थोडं बदला. आणि पाण्यात हात घातल्यावर साबणाने धुवा, यांच्याकडून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू येऊ शकतो, घरात लहान मूल असेल तर जास्तच जपा.

प्रश्नकर्ती

१२ दिवसांनी लिहितेय. पहिले दोन दिवस त्याने तोंडच फिरवलं, मला रडू यायचं बाकी होतं. तिसऱ्या दिवशी एक अळी खाल्ली, आता चिमटा पाण्यात गेला की पोहत येतो, एकदा चिमट्यालाच चावला. हाडं झाकली गेलीत. अमोनिया शून्य आल्यावर काल परत टँकमध्ये सोडला. एक विचारायचं होतं, काल रात्री दिवा बंद केल्यावर टँकमधून बारीक गुणगुण येत होती, फिल्टर बिघडला का?

प्रतिसाद १

फिल्टर नाही, नर गातोय! पुढच्या पायांच्या मागे, बगलेपाशी बारीक फिकट टिपका दिसतो का बघा, तो नराला असतो. मादी अंगाने भरलेली असते.

प्रश्नकर्ती

टॉर्च लावून बघितलं. टिपका आहे, आणि जो वाळला होता त्यालाच आहे.