पक्षाघात आणि सकाळची वेळ

कुणीकुणी म्हणतं की पक्षाघाताचा झटका बहुतेक रात्री झोपेतच येतो. तसं नाही. 1998 साली 11,816 रुग्णांच्या माहितीचं एकत्रित विश्लेषण झालं, त्यात सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळेत धोका 49 टक्के जास्त निघाला. उठल्यावर रक्तदाब झपकन चढतो, प्लेटलेट्सही (रक्त गोठवणाऱ्या पेशी) एकमेकींना जास्त चिकटतात.

आमचे बाबा नौपाड्यातल्या घरी सकाळी साडेसातला चहा घेत होते. कप हातातून निसटला, गरम चहा मांडीवर सांडला, तरी ते नुसते बघत राहिले. आई म्हणाली, "झोप झाली नसेल, जरा पडा." त्यात दोन तास गेले. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देतात, आणि मोजणी माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तिथपासून होते. कृपया "जरा पडा" म्हणू नका, लगेच 108 ला फोन करा.