रिमोट सपोर्टला स्वतःचा सर्व्हर की पैसे भरून क्लाउड? चार जणांच्या टीमनं काय करावं

गोदाकाठचा_गणपा
मंडळी, नाशिकात आमची चार जणांची टीम आहे, एएमसीवर (वर्षाच्या देखभाल करारावर) सपोर्ट देतो. साठेक क्लायंट, त्यात सीए ऑफिसं जास्त, दोन पॅथॉलॉजी लॅब आणि एक पतसंस्था, मिळून अडीचशेच्या आसपास मशीन. आतापर्यंत समोरच्याचं मशीन लांबून चालवणाऱ्या एका नावाजलेल्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीवर भागवलं (ती घरगुती वापरासाठी असते, माहितीये, चूक आमचीच, त्यावरून झोडू नका) पण आता 'व्यावसायिक वापर दिसतोय' असं म्हणून सेशन मधेच तुटतं. परवा २० तारखेला, जीएसटीचा शेवटचा दिवस, एका सीएच्या ऑफिसात टॅलीचा डेटा रिपेअर करत होतो आणि स्क्रीन गेली. फोनवर रिसेप्शनच्या ताई, "दादा, तुमचा बाण थांबला, मी काही दाबू का?" म्हटलं ताई, कशालाही हात लावू नका.
तर आता पार्टनर म्हणतो रस्टडेस्क (तसलंच, पण ओपन सोर्स सॉफ्टवेअर) आपल्या व्हीपीएसवर (भाड्याच्या सर्व्हरवर) टाकू, आपला सर्व्हर आपली चावी. मी म्हणतो पैसे भरून क्लाउडवालं, कंपनीच्या सर्व्हरवर चालणारं घेऊ, डोक्याला ताप नको. तुम्ही काय वापरता?

कर्नल_पॅनिक
पार्टनर शहाणा आहे तुमचा. रस्टडेस्कच्या सर्व्हरमध्ये आहे काय, दोन प्रोग्राम. एचबीबीएस दोन मशीनची ओळख करून देतो, एचबीबीआर लागलं तर डेटा पुढे ढकलतो. बारकासा व्हीपीएस पुरतो, पोर्ट (सर्व्हरची नेटवर्कची दारं) २१११५ ते २१११७ उघडायचे, २१११६ यूडीपीवर पण, विसरलात तर बसाल डोकं खाजवत. क्लायंटमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि पब्लिक की टाकली की काम झालं. सर्व्हर मुंबईत घ्या, क्लायंट नाशिकचा, तुम्ही नाशिकचे, मग स्क्रीन जर्मनीला वळसा घालून कशाला आणायची?

शिफ्ट_संपली
@कर्नल_पॅनिक, टाकायला अर्धा तास लागतो हो, सांभाळायचं कोणी? फेब्रुवारी २०२४ मधलं स्क्रीनकनेक्ट या रिमोट सपोर्ट सॉफ्टवेअरचं प्रकरण आठवतंय ना? सेटअपविझार्ड.एएसपीएक्स या पत्त्याच्या शेवटी एक जास्तीची तिरकी रेघ टाकली की आधीच चालू असलेल्या सर्व्हरवर पहिल्या दिवसाचं सेटअपचं पान परत उघडायचं, तिथं नवा ॲडमिन बनवायचा आणि सगळ्या क्लायंटची मशीनं हातात. गंभीरपणात दहापैकी दहा गुणांचा दोष. क्लाउडवाल्यांचे सर्व्हर कंपनीनं स्वतः दुरुस्त केले, आणि ज्यांनी आपल्या ऑफिसात सर्व्हर ठेवलेला त्यांना २३.९.८ या दुरुस्त आवृत्तीवर स्वतः जायचं होतं, तेही लगेच, कारण काही दिवसांतच हल्ले सुरू झाले. चार जणांच्या टीममधला सर्व्हर बघणारा एकजण नेमका तेव्हा लग्नाला गावी असतो. मी तो एकजण होतो, म्हणून सांगतोय.

कर्नल_पॅनिक
आणि क्लाउडवाले काय धुतल्या तांदळाचे का? त्याच फेब्रुवारीत एनीडेस्क या रिमोट सॉफ्टवेअरवाल्या कंपनीनं सांगितलं की त्यांच्या प्रॉडक्शन सिस्टिममध्ये कोणीतरी घुसलं होतं, कोड साइनिंगचं सर्टिफिकेट (सॉफ्टवेअर कंपनीचंच असल्याचा शिक्का) बदलावं लागलं, वेब पोर्टलचे पासवर्ड रद्द करावे लागले. डिसेंबर २०२४ मध्ये बियाँडट्रस्टच्या क्लाउड रिमोट सपोर्टची एक एपीआय की (प्रोग्रामला आत घेणारी डिजिटल किल्ली) चोरीला गेली आणि तिच्या जोरावर चोर थेट अमेरिकेच्या अर्थखात्याच्या मशीनवर पोचले. अर्थखात्याच्या! तिथं गणपाची पतसंस्था कुठे लागते. मोठ्या कंपनीवर चोरांचा डोळा असतो, माझ्या व्हीपीएसला कोण विचारतंय.

शिफ्ट_संपली
'मला कोण विचारतंय' हे वाक्य मी रॅन्समवेअर लागलेल्या प्रत्येक क्लायंटकडून ऐकलंय. स्कॅन करणारा बॉट तुमचं व्हिजिटिंग कार्ड बघत नाही.

जुना_जाणता
एवढं रामायण कशाला, विंडोजचं आरडीपी (लांबून मशीन चालवायची सोय) आहे की फुकटात. राउटरवर त्याचा ३३८९ चा पोर्ट बदलून दुसरा ठेवायचा. मी दहा वर्षं हेच करतोय.

शिफ्ट_संपली
काका, घराचा नंबर बदलला म्हणून दाराला कुलूप लागत नाही. बंद करा ते आजच. २०१९ ला ब्लूकीप हा आरडीपीतला दोष आला तेव्हा मायक्रोसॉफ्टनं कधीच रिटायर केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा पॅच (दुरुस्ती) काढला होता, एवढं ते गंभीर होतं. आरडीपी वापरायचंच तर आधी वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे खासगी बंद वाट), मग आरडीपी. आणि सीए ऑफिसात निम्म्या मशीनवर विंडोज होम असतं, त्यात बाहेरून आरडीपीनं शिरताच येत नाही.

खडकवासला_अ‍ॅडमिन
दोघंही सॉफ्टवेअरवरून भांडताय पण गणपाभाऊ, एक विचारू? अडीचशे मशीनचा अनअटेंडेड (समोर कोणी नसताना आत जायचा) पासवर्ड काय आहे, वेगवेगळा की एकच?
विचारायचं कारण, आमच्याकडे एकच होता. फर्मचं नाव, ॲट, १२३. एक पोरगा नोकरी सोडून गेला, चांगला होता, भांडण वगैरे काही नाही. आठ महिन्यांनी एका क्लायंटचा फोन, रात्री अकराला माउस आपोआप हलतोय. बघितलं तर हाच, त्या क्लायंटनं त्याला परस्पर प्रिंटरसाठी बोलावलेलं आणि तो सवयीनं जुन्याच पासवर्डनं आत आलेला! चोरी नव्हती, पण मला घाम फुटला कारण तो बाकी सगळीकडेही जाऊ शकत होता आणि गेला असता तर आम्हाला कळायची सोय नव्हती, लॉगच नव्हते. मग आम्ही मेशसेंट्रल घेतलं. तेही फुकट, ओपन सोर्स, ब्राउझरमधून चालतं, प्रत्येकाचं वेगळं लॉगिन, टू फॅक्टर (पासवर्डच्या जोडीला दुसरा पुरावा), कोण कधी कुठल्या मशीनवर गेला त्याची नोंद. समोरच्यानं 'हो' म्हटल्याशिवाय स्क्रीन दिसू नये असंही लावता येतं. पोरगा सोडून गेला तर एक अकाउंट बंद, विषय संपला. दिसायला जुनाट आहे, ते सोसायचं.

लेजर_ताई
मी आयटीवाली नाही, सहकारी बँकेत ऑडिट बघते. सर्ट-इनचा (केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा) एप्रिल २०२२ चा आदेश तुमच्यापैकी कोणी वाचलाय का? सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायची आणि १८० दिवसांचे लॉग ठेवायचे. पतसंस्थेत काही झालं तर त्यांचा सेक्रेटरी तुमच्याकडेच बोट दाखवणार, तेव्हा 'फुकट आवृत्तीत लॉग येत नाहीत' हे उत्तर चालणार नाही. आणि दुसरं, फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं एनीडेस्क घ्यायला लावून यूपीआयचे पैसे काढण्याबद्दल सावध केलं होतं. सॉफ्टवेअर फोडलं नव्हतं कोणी, माणसं स्वतः स्क्रीनवरचा जोडणीचा आकडा वाचून दाखवत होती. तुमच्या त्या रिसेप्शनच्या ताई तुमच्या आवाजात दुसरं कोणी बोललं तर आकडा देतील का? देतील. त्यांना सांगून ठेवा की आधी फोन ठेवायचा आणि नेहमीच्या नंबरवर उलटा करायचा.

कर्नल_पॅनिक
लॉगचा मुद्दा मान्य. रस्टडेस्कच्या फुकट सर्व्हरमध्ये ऑडिट लॉग, वेब कन्सोल हे नाही, प्रो घ्यावं लागतं, म्हणजे पैसे आलेच. अँटीव्हायरस पण अधूनमधून त्याला पकडतो, हेही सांगायला हवं होतं. तरी सर्व्हर आपला हवा यावर मी ठाम आहे.

शिफ्ट_संपली
आणि पॅच कोण मारणार यावर मी.

गोदाकाठचा_गणपा
@खडकवासला_अ‍ॅडमिन, उत्तर द्यायला लाज वाटतेय. एकच आहे. आणि शेवटी १२३ च आहे. सोडून गेलेले दोघं, त्यातला एक आता आमच्याच समोरच्या गल्लीत सपोर्ट देतो. आज रात्री बसून पतसंस्था आणि लॅबचे बदलतो, बाकीचे आठवडाभरात. पतसंस्थेला पैसे भरून लॉगवालंच घेणार, बाकी ठिकाणी काय ते अजून ठरलं नाही.

सर्व्हर_आपला_चावी_आपली
मी तो पार्टनर. गण्या, इथं विचारण्याआधी मला विचारायचं होतंस. मेशसेंट्रल मी काल रात्रीच व्हीपीएसवर टाकलंय, टू फॅक्टरसकट. आपल्या ऑफिसची चार मशीन जोडलीत, महिनाभर तेवढ्यावरच चालवू. पॅचची जबाबदारी एक आठवडा माझी, एक आठवडा तुझी, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलंय. मी मे महिन्यात गावी जाणार, ते चार आठवडे तुझे. आणि पतसंस्थेचा पासवर्ड आज बदलू नकोस, तिथं बॅकअप चालू आहे, उद्या सकाळी.