मदत हवी आहे : पहिल्या कादंबरीचा करार

मंडळी, माझी पहिली कादंबरी लिहून झाली. नायक नागपूरच्या महाल भागात भाड्याच्या खोलीत राहतो, दिवसभर सीताबर्डीत झेरॉक्सच्या दुकानात उभा असतो आणि रात्री वाया गेलेल्या प्रतींच्या कोऱ्या बाजूवर लिहितो. त्याला लेखक म्हणून नाव हवंय, जीव तोडून.

एक प्रकाशक तयार आहेत, पण छपाईचा खर्च माझा आणि सगळे हक्क त्यांचे. मुदत लिहिलेलीच नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार मुदत नमूद नसेल तर हक्क ५ वर्षांपुरतेच दिले असं धरतात. शिवाय आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, पैसे लावलेत. तो तर सरकारी एजन्सीकडून मोफत मिळतो!

नागपुरात करार नीट वाचून देणारे वकील कुणाला माहीत आहेत का? विदर्भ साहित्य संघातही विचारणार आहे. रॉयल्टीचा हिशोब करारात कसा लिहून घेतलात, तेही सांगा.