वस्तरा निसणे, पाजवणे, धार लावणे : अर्थ एकच का?

प्रश्न : आजोबांच्या पेटीत त्यांचा वस्तरा सापडला. आई म्हणते, ‘पाजवून घे.’ नागपूरच्या इतवारीतला धारवाला म्हणाला, ‘धार लावून देतो.’ शेजारचे काका म्हणतात, ‘निसण्यावर काढ.’ शब्दकोशात तिन्हींचा अर्थ जवळपास सारखाच दिलाय. बोलण्यात फरक आहे का?

उत्तर १ : भाऊ, आधी एक सांगतो. तो वस्तरा फिरत्या चाकावर देऊ नका. चाकावर पातळ पातं तापतं आणि त्याचं पाणी (म्हणजे पोलादाचा कडकपणा) उतरतं, मग धार टिकतच नाही.

आता शब्द. महाल भागात आमच्या वडिलांचं दुकान होतं. आमच्याकडे विळ्याला, कात्रीला ‘धार लावत’. वस्तऱ्याला कोणी धार लावली असं घरात ऐकलं नाही. वस्तरा दगडावर ‘निसायचा’, म्हणून तो दगड निसणा. पुढे तो चामड्याच्या पट्ट्यावर, म्हणजे चामाटीवर फिरवायचा. (हिंदीच्या शेजारामुळे आपल्याकडे चमोटाही म्हणतात.) निसण्यापासून चामाटीपर्यंतचं सगळं मिळून ‘पाजवणं’. तुमच्या आईचा शब्द बरोबर आहे.

निसण्याची रीत अशी. दगड ओला करायचा. पात्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकलेल्या हव्यात. पाठ उचलली की कोन गेला. धार पुढे ठेवून न्यायचं, जणू दगडाचा पापुद्रा सोलतोय. दगड पात्यापेक्षा अरुंद असेल तर तिरपं ओढायचं, म्हणजे मुठीपासून टोकापर्यंत सगळी धार दगडावरून जाते. परतताना पाठीवर पलटवायचं. भार पात्याच्या वजनाएवढाच. वडील आवाजावरून ओळखायचे: आधी खरखर, मग सुळसुळ, मग जवळपास काहीच नाही. आता नंबरी दगड मिळतात (नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक): 1000 वर धार बसवा, 4000-5000 वर ओरखडे काढा, 8000 किंवा 12000 वर गुळगुळीत करा.

चामाटीवर सगळं उलट. तिथे पाठ पुढे, धार मागे. चौदाव्या वर्षी मी घाईत धार पुढे करून ओढला आणि चामड्याला बोटभर चीर पडली. वडिलांनी ती चामाटी फेकली नाही, चिरेच्या खालचा भाग वापरत राहिले. आज ती माझ्याकडे आहे.

उत्तर २ : वरच्या उत्तराला जुना आधार आहे. सुश्रुतसंहितेत शस्त्रांच्या प्रकरणात दोन वस्तू सांगितल्या आहेत: निशानासाठी (धार काढण्यासाठी) उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा आणि धार राखण्यासाठी शाल्मलीची, म्हणजे सावरीची फळी. निसणा आणि चामाटी यांचीच ही जोडी. ‘निशान’, ‘निशित’ (तीक्ष्ण) यांच्याशेजारी ‘निसणे’ ठेवून बघा. तिथेच शस्त्रांची ‘पायना’ तीन प्रकारची सांगितली आहे: क्षारात, पाण्यात, तेलात. पोलाद तापवून बुडवण्याला ‘पाणी देणं’ म्हणतो तेच हे. ‘पाजवणे’ मला याच घरातलं वाटतं.

प्रश्नकर्ता : मग ‘अक्कल पाजळणे’ यातलंच का?

उत्तर २ : नाही. ‘पाजळणे’ प्रज्वलनातून आलंय, दिवे पाजळतात. शस्त्र पाजळलं म्हणजे लखलखीत केलं.

प्रश्नकर्ता : पेटीत एक काळपट दगडही आहे, मधे खोलगट झालेला. आई त्याला सहाण म्हणते.

उत्तर १ : सहाणेवर चंदन उगाळतात, भाऊ. तो आजोबांचा निसणा असणार. वर्षानुवर्षं मधेच घासला की तो असा झिजतो. आधी जाड काचेवर पाण्याचा सँडपेपर पसरून दगड सपाट करून घ्या. खोलगट दगडावर पाठ आणि धार एकत्र टेकत नाहीत.