हनुवटीवरचे पिंपल्स आणि क्रीमची घाई

पंधरा दिवस अ‍ॅडापलीन हे पिंपल्सचं क्रीम लावून फरक नाही, उलट वाढलेत म्हणून बंद केलं असं लिहिलंयस, अगं पण पंधरा दिवसांत काहीच कळत नाही, कमीत कमी 8 ते 12 आठवडे लागतात आणि सुरुवातीला थोडे वाढूही शकतात. मीपण आधी हीच चूक केली, शिवाय फक्त पिंपलवर ठिपका लावायचे. ते तसं नसतं, वाटाण्याएवढं क्रीम हनुवटी, जबडा सगळीकडे पातळ पसरवायचं, रात्री, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर. फार सोलायला लागलं तर एक दिवसाआड आणि आधी मॉइश्चरायझर.

पाळीच्या आधी जबड्याच्या कडेला येणाऱ्या त्या दुखऱ्या गाठींवर नुसतं क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक महिनोन्‌महिने चोळू नकोस, जंतूंना सवय होते मग ते चालेनासं होतं, सोबत जंतू मारणारं बेन्झॉईल पेरॉक्साईड हवंच. 2.5 टक्केवालं पुरतं, फक्त उशीचा अभ्रा पांढरा घे, माझ्या निळ्या अभ्र्यावर गालाच्या आकाराचा फिकट डाग पडलाय कायमचा!

हार्मोनवरच काम करणारं क्रीम पण आहे, क्लॅस्कोटेरोन 1 टक्का, अमेरिकेत 2020 मध्ये मंजूर झालं, ते त्वचेतल्या अँड्रोजेन या हार्मोनचे रिसेप्टर (ते जिथे चिकटून काम करतं त्या जागा) अडवतं म्हणून तेल कमी सुटतं.

आणि हो, प्रेग्नन्सीचा विचार असेल तर अ‍ॅडापलीन नको, डॉक्टरांना अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड या पिंपल्सच्या दुसऱ्या औषधाबद्दल विचार. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केसही येत असतील तर नुसत्या क्रीमवर विसंबू नकोस, तपासण्या करून घे आधी.