कोलोनचा पहिलाच कार्निव्हल, लहान मुलीला घेऊन वीकेंडला कुठल्या परेड बघाव्यात?

सायली_क

नमस्कार मंडळी, आम्ही ऑक्टोबरमध्ये जर्मनीत कोलोनला शिफ्ट झालो. नवऱ्याची नोकरी इथे, मुलगी सहा वर्षांची, पहिलीत घातलीये आणि सध्या सासूबाईपण आल्यात. ११ नोव्हेंबरला ट्रॅममध्ये चढले तर अख्ख्या डब्यात कोणी वाघ, कोणी नर्स, कोणी समुद्री चाचा, मला काही कळेच ना, मग शेजारच्या बाईंनी सांगितलं की ११/११ला ११ वाजून ११ मिनिटांनी इथला कार्निव्हल सुरू होतो. आता खरे मोठे दिवस आलेत आणि सगळे वेगवेगळं सांगतायत. ऑफिसात नवऱ्याला म्हणाले गुरुवारी चांगला टाय घालून येऊ नकोस, बायका कात्रीने कापतात. शाळेतून चिठ्ठी आलीये की मुलांनी वेषभूषा करून यायचं.

मला विचारायचंय ते वीकेंडचं. सोमवारची मोठी परेड लहान मुलीला झेपेल का? की शनिवार-रविवारी काही छोटं असतं? खूप दारू चालते असं ऐकलंय, फॅमिलीने जावं की नाही? आणि वेषभूषा मोठ्यांनीही करायची का, नाही केली तर वाईट दिसतं का? जरा सविस्तर सांगा प्लीज, आम्हाला मनापासून बघायचंय.

राईनकाठ

सायली, स्वागत! बरीच वर्षं इथे आहे म्हणून हक्काने सांगतो, रविवार चुकवू नका. रविवारी शहराच्या मध्यभागातून शाळांची आणि मोहल्ल्यांची परेड निघते, तिला इथले लोक कोल्श बोलीत 'शुल उन फेडेल्सत्स्योश' म्हणतात. मोहल्ला म्हणजे फेडेल, प्रत्येक फेडेलची आपापली मंडळं असतात आणि ती पदरचे पैसे घालून, महिनोन्महिने रात्री जागून कपडे शिवतात. सोमवारच्या परेडमध्ये मोठमोठे रथ, घोडेस्वार, टीव्हीचे कॅमेरे असा सगळा थाट असतो, ते बघायलाच हवं, पण रविवारी समोरून जाणारा माणूस तुमच्या डोळ्यात बघून हात हलवतो, हा फरक आहे. रविवारच्या मंडळांतली जी सगळ्यात छान ठरतात त्यांना सोमवारी मोठ्या परेडमध्ये चालायचा मान मिळतो, त्यामुळे ते जीव ओतून करतात. मला विचाराल तर कोलोनचा कार्निव्हल खरा रविवारचाच.

सोमवारची ती रोझनमोन्टागची. पहिली १८२३ साली निघाली. तेव्हा इथे प्रशियाचं राज्य होतं, शहरातल्या लोकांनी कमिटी नेमून जुन्या बेशिस्त उत्सवाला वळण लावलं आणि लष्कराची नक्कल करणाऱ्या पलटणी काढल्या. लाल-पांढऱ्या गणवेशातले 'रोटे फुंकेन' दिसतील ना, ते तेव्हापासूनचे. बंदुकीच्या नळीत फूल खोचलेलं असतं आणि दोघं दोघं पाठीला पाठ लावून, गुडघे वाकवून बुडं घासत नाचतात, म्हणजे लढाई सोडून बाकी सगळं करणारे शिपाई. तुमची मुलगी पोट धरून हसेल बघा.

आता व्यवहाराचं. गाडी काढूच नका, मधले रस्ते बंद असतात, ट्रॅमचेही मार्ग बदलतात, म्हणून आदल्या दिवशी बघून ठेवा. झुल्पिशर रस्त्याच्या बाजूला फिरकू नका, तिथे कॉलेजच्या पोरांची तुफान गर्दी आणि पिणं असतं, तुम्ही विचारलेली दारू ती मुख्यतः तिथली. पोलीस आणि पालिका काही भागांत काचेच्या बाटल्यांवर बंदी घालतात, त्यामुळे सोबत पाणी न्याल ते प्लॅस्टिकच्या नाहीतर स्टीलच्या बाटलीत. परेडच्या मार्गावर सकाळच्या वेळी शेजारीपाजारी आजी-आजोबा, बाबागाड्या, नातवंडं असाच माहोल असतो. सुरुवातीच्या टोकाला, म्हणजे क्लोडविगप्लाट्झकडे लवकर जाऊन उभं राहिलात तर चालणारे ताजेतवाने असतात आणि त्यांच्या पिशव्याही भरलेल्या असतात.

पिशव्या म्हणजे काय तर कमेले! चॉकलेट, गोळ्या, वेफर, छोटी खेळणी, सगळं परेडमधून उधळतात. एकट्या सोमवारच्या परेडमध्ये ३०० टनांच्या आसपास गोड माल वाटला जातो असं सांगतात. पण नुसतं उभं राहून मिळत नाही, हात वर करून 'कमेले!' असं जोरात ओरडायचं. काही जण छत्री उलटी करून धरतात. मला ते मुळीच आवडत नाही, मागच्या पोरांच्या वाट्याला काहीच येत नाही. कापडी पिशवी न्या, मोठी. रथ जाताना चाकांजवळ चालणारी माणसं दिसतील, त्यांना वागनएंगेल म्हणतात, पोरं चाकाखाली जाऊ नयेत म्हणून तीच लक्ष ठेवतात, पण मुलीला आधीच बजावून ठेवा की रथाशेजारी पडलेलं काही उचलायला वाकायचं नाही.

आणि हो, वेषभूषा करा. मोठ्यांनीही. नाही केली तर कोणी काही बोलणार नाही, पण तुम्हालाच वाटेल की आपण पाहुणे आहोत.

भटकी_पल्लवी

राईनकाठदादांनी सगळं सांगितलंच. मी इथे मास्टर्स करते, माझ्याकडून शनिवार रात्रीची भर. गाइस्टरत्सूग म्हणजे भुतांची परेड. १९९१ साली आखाती युद्धामुळे मोठी परेड रद्द झाली होती तेव्हा काही लोक तसेच रस्त्यावर उतरले, त्यातून हे सुरू झालं. रथ नाही, गोळ्या नाहीत, नुसते ढोल आणि काळोखात पांढरे चेहरे, आणि कोणीही मध्ये घुसून चालू लागायचं, तिकीट नाही नोंदणी नाही. दरवर्षी वेगळ्या भागातून जाते त्यामुळे मार्ग आधी बघून घ्यायचा. मला फार फार आवडते. पण लहान मुलीला नेऊ नका, रात्री उशीर होतो आणि मुखवटे खरंच भयानक असतात.

ड्युसेलडॉर्फकर

शेजारच्या गावातून सांगतो, कोलोनमध्ये 'आलाफ' ओरडायचं, आमच्याकडे 'हेलाउ'. चुकूनसुद्धा उलटं करू नका, लोक हसून घेतात पण मनाला लागतं त्यांच्या. तुम्हाला जमलं तर कधीतरी सोमवारी आमच्याकडेही या. याक टिली म्हणून कलाकार आहेत, त्यांचे कागदाच्या लगद्याचे राजकीय रथ अगदी सोमवारच्या सकाळपर्यंत गुपित ठेवतात आणि मग जगभरच्या पेपरात त्यांचे फोटो येतात. व्यंगचित्र रस्त्यावरून चालत यावं तसं. गोळ्यांसाठी कोलोन, डोक्याला खुराक हवा तर ड्युसेलडॉर्फ, असं माझं प्रामाणिक मत.

सायली_क

किती छान लिहिलंत सगळ्यांनी! रविवार नक्की. मुलीला नऊवारी नेसवू का? इथे कोणाला दिसेलही वेगळं आणि घरात तयार आहे.

राईनकाठ

नऊवारी घरच्या समारंभाला ठेवा ताई. एक तर फेब्रुवारीत दोन-तीन तास एका जागी उभं राहायचं असतं, थंडी पायातून चढते. आतून थर्मल, स्वेटर आणि त्यावर एका साइझने मोठा वेष, ही इथली रीत आहे, म्हणूनच सगळी पोरं गुबगुबीत मधमाश्या आणि अस्वलं दिसतात. आणि दुसरं, आपला पोशाख आपण सणाला घालतो, तो सोंग म्हणून घालावा असं मला नाही वाटत. इथेही दुसऱ्यांच्या पारंपरिक पोशाखाचं सोंग करावं का यावर आता लोक विचार करतात, ते चांगलंच आहे.

सायली_क

पटलं. मधमाशी फायनल. येऊन सांगते.

सायली_क

आलो! अजून घसा बसलेला आहे ओरडून ओरडून.

रविवारी सकाळी लवकरच क्लोडविगप्लाट्झच्या पुढे दोरीला लागून जागा मिळाली. आधी कोणीतरी 'द'र त्सोख क्युट' असं पाटी धरून पुढे आलं, म्हणजे परेड येतेय, आणि मग जे सुरू झालं ते संपेचना. एका शाळेचा वर्ग पूर्ण समुद्र होऊन आला होता, निळ्या कचऱ्याच्या पिशव्या कापून लाटा केलेल्या, प्रत्येक पोराच्या डोक्यावर पुठ्ठ्याचा वेगळा मासा, आणि त्यांचे बाबा लोक मागून हातगाडीत गोळ्यांची खोकी ओढतायत. माशांचे खवले एकेक करून बाटल्यांच्या झाकणांचे चिकटवले होते, जवळून दिसत होतं. मी तर त्या झाकणांकडेच बघत राहिले, कोणाच्या तरी आईने किती महिने ती साठवली असतील! माझी मुलगी पहिली पाच मिनिटं माझ्या कोटाला चिकटून होती, मग शेजारच्या एका आजींनी तिला कसं ओरडायचं ते दाखवलं, स्वतःच्या पिशवीतलं चॉकलेट तिच्या पिशवीत टाकलं आणि त्यानंतर ती माझ्याकडे वळून बघेना.

सासूबाईंची गंमत सांगायलाच हवी. एका मंडळातले काका रांग सोडून सरळ त्यांच्यासमोर आले, एक छोटासा फुलांचा गुच्छ दिला, त्याला श्ट्र्युसये म्हणतात असं नंतर कळलं, आणि गालाला गाल लावून पुढे गेले. आई क्षणभर लाजल्या, मग त्यातलं एक फूल काढून अंबाड्यात खोचलं आणि दिवसभर तसंच ठेवलं. पुढच्या मंडळातल्या बायकांनी ते बघितलं तर आणखी फुलं दिली त्यांना. भाषेचा एक शब्द कळत नसताना त्या इतक्या खुलल्या, इथे आल्यापासून पहिल्यांदा.

सोमवारी नवरा म्हणाला नको गर्दी, पण मुलगी ऐकेना म्हणून गेलो. एका जागेवरून परेड जायलाच तीन तासांहून जास्त लागले. रोटे फुंकेनचं ते नाचणं दिसलं, दादा म्हणाले तसंच झालं, हसून लोळायची बाकी होती. शेवटी प्रिन्सचा, म्हणजे कार्निव्हलच्या राजपुत्राचा रथ आला आणि त्याच्या आधी युंगफ्राउ म्हणजे कुमारिका, ती वेण्या लावलेला पुरुष असतो हे मुलीला समजावताना 'का?' 'का?' चालू होतं, मी सांगितलं पूर्वी बायकांना या मंडळांत घेत नसत म्हणून, तर ती म्हणाली मग आता का नाही. योग्य प्रश्न आहे, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी येताना बेकरीतून मुत्झेमांडेल्न आणले, बदामाच्या आकाराचं तळलेलं, वर पिठीसाखर. सासूबाई म्हणाल्या ही तर आपली शंकरपाळीच, जरा जास्त फुगलेली.

आता एकच प्रश्न. मुलगी विचारतेय पुढच्या वर्षी मी बघायला नाही, चालायला जाणार. तिची शाळा यंदा नव्हती परेडमध्ये. असं चालता येतं का?

भटकी_पल्लवी

आईंच्या अंबाड्यातलं फूल वाचून माझ्या आजीची आठवण आली. मंगळवारी रात्री नुबल जाळतात ते बघितलंत का? पबच्या दारावर पेंढ्याचा माणूस टांगलेला असतो, कार्निव्हलमध्ये जे काही पाप झालं ते सगळं त्याच्या माथी मारून त्याला जाळतात, लोक खोटं खोटं रडतात आणि बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवास सुरू. एरेनफेल्ड, निपेस अशा फेडेलच्या परेडही मंगळवारी असतात, पुढच्या वर्षी त्याही धरा.

राईनकाठ

सायली, चालता येतं. शाळा स्वतः नाव देते, म्हणून वर्गशिक्षिकेशी आत्ताच बोला, उन्हाळी सुट्टीनंतर थीम ठरते आणि शिवणकाम सुरू होतं, तेव्हा विचारलं तर उशीर होतो. शाळेला जमणार नसेल तर तुमच्या फेडेलमधलं एखादं मंडळ गाठा, त्यांना चालणारी पोरं आणि हातगाडी ओढणारे आईबाप दोन्ही हवेच असतात. मात्र गोळ्या आणि कपड्याचा खर्च आपला आपण करायचा असतो, ते आधी विचारून घ्या. २०२७ला रोझनमोन्टाग ८ फेब्रुवारीला आहे, म्हणजे तुमची परेड ७ तारखेला. झाकणं साठवायला लागा.

सायली_क

उद्याच शिक्षिकेला गाठते. झाकणांचा डबा मुलीने आजच खिडकीत ठेवलाय.